साध्या फळीचे धनुष्य

लाकडाचे धनुष्य स्वतःच्या हाताने करायचे मनात आले की नवशिका पहिल्यांदा लाकडाची चौकशी करतो. झाड कोणते, ते कुठे मिळेल, किती वर्षे वाळवावे लागेल? अमेरिकेत ही चौकशी शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि तिचे उत्तर दर पिढीला बदलत आले आहे. कधी यू, कधी ओसेज ऑरेंज, कधी क्यूबाहून येणारे लेमनवूड, आणि आता चक्क घरदुरुस्तीच्या दुकानातली रेड ओकची फळी. ही उत्तरे एकापुढे एक ठेवून पाहिली की लक्षात येते, लाकूड बदलत गेले पण धनुष्य जिथे साधते किंवा मोडते ती पायरी तीच राहिली. ती म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत लाकूड कणाकणाने उतरवत नेणे. अमेरिकन कारागीर या कामाला टिलरिंग म्हणतात आणि इथे अमेरिकेत राहणारा मराठी माणूसही तोच शब्द वापरतो. नवशिक्याने आपली निम्मी काळजी लाकडावरून काढून टिलरिंगवर ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. गेल्या शतकातला अमेरिकेचा सगळा अनुभव त्याच बाजूने साक्ष देतो.

या अनुभवाची सुरुवात कुठून धरायची? १८७८ साली मॉरिस थॉम्पसन यांचे 'द विचरी ऑफ आर्चरी' हे पुस्तक आले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सव्हिलमध्ये राष्ट्रीय धनुर्विद्या संघटना स्थापन झाली. पण ते प्रकरण प्रामुख्याने नेम धरण्याच्या हौसेचे. धनुष्य घडवण्याच्या दृष्टीने पाहिले तर खरी सुरुवात २९ ऑगस्ट १९११ या दिवशी झाली. त्या दिवशी उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाबाहेर एक उपाशी, एकटा माणूस सापडला. तो 'याही' जमातीतला शेवटचा जिवंत माणूस होता. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला इशी म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. स्वतःचे नाव त्याने कधीच सांगितले नाही. त्याची माणसे गोऱ्या वसाहतवाल्यांनी पन्नास-साठ वर्षांत संपवली होती. पुढची साडेचार वर्षे तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने गेला.

शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सॅक्स्टन पोप नावाचे शल्यचिकित्सक होते. ते इशीवर उपचार करत, आणि त्यांची मैत्री धनुष्यावर जमली. इशीचे धनुष्य पहाडी जुनिपरचे, जेमतेम साडेतीन फुटांच्या आसपासचे. माप घ्यायची त्याची पट्टी म्हणजे स्वतःचे शरीर: एक हात आडवा पसरायचा आणि त्याच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या खुब्यापर्यंतचे अंतर धरायचे. पाठीवर हरणाच्या कंडरांचे तंतू सरसाने चिकटवलेले. ओढायला ते चाळीसेक पौंडांचे. जुनिपर हे काही मजबुतीसाठी नावाजलेले लाकूड नाही, तरी त्या एवढ्याशा धनुष्यावर त्याचे पोट भरत आले होते. पोप यांनी हे सगळे टिपून ठेवले, १९१८ साली याही धनुर्विद्येवर निबंध लिहिला आणि १९२३ साली 'हंटिंग विथ द बो अँड अॅरो' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी संग्रहालयांतली देशोदेशीची धनुष्ये प्रत्यक्ष ओढून, त्यांवरून बाण सोडून केलेला तुलनात्मक अभ्यासही छापला.

इथे एक वळण आले आणि त्याचे परिणाम बराच काळ टिकले. पोप इशीकडून शिकले, पण त्यांचे मन बसले इंग्रजी लांब धनुष्यावर, म्हणजे यूवर. त्यांचे पुस्तक वाचून हातात सुरी घेणारी पिढी ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या डोंगरांतला पॅसिफिक यू शोधत फिरू लागली. यू हे लाकूड आहेच तसे: आतला तांबूस गाभा दाब सोसतो, बाहेरचा पांढरा थर ताण सोसतो. इंग्लंडच्या 'मेरी रोझ' या १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या जहाजात शंभरावर धनुष्ये सापडली, तीही यूचीच. पण यू हळू वाढतो, वेडावाकडा वाढतो, त्यात गाठी फार. नवशिक्याच्या हाती चांगला तुकडा क्वचित लागे. शिबिरांतल्या मुलांना आणि शिकाऊंना म्हणून लेमनवूड मिळे. नावात लिंबू असले तरी त्याचा लिंबाच्या झाडाशी संबंध नाही.

त्याच सुमारास अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यात दुसरे लाकूड उभे होते आणि ते तर हजारोंनी. ओसेज ऑरेंज. मूळचे टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा यांच्या सीमेवरच्या रेड नदीच्या खोऱ्यातले. फ्रेंच व्यापारी त्याला धनुष्याचे लाकूडच म्हणत, कारण ओसेज आणि आसपासच्या जमाती त्याचीच धनुष्ये करत. १८०४ च्या मार्चमध्ये मेरिवेदर लुईस यांनी सेंट लुईसहून त्याच्या फांद्या राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे पाठवल्या होत्या. काटेरी आणि चिवट असल्याने प्रेअरीतल्या शेतकऱ्यांनी ते कुंपणाला लावले. १८७४ साली जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि कुंपणाची नवी लागवड मागे पडली, पण लावलेली झाडे राहिली. कॅन्ससपासून ओहायोपर्यंत आजही शेतांच्या बांधांवर ती दिसतात. आपल्याला हे झाड परके वाटू नये, कारण ते फणस आणि तुतीच्या कुळातले. चिरल्यावर लाकूड फणसासारखेच पिवळेधमक निघते आणि उन्हात तपकिरी होत जाते.

ओसेजला वाळवी लागत नाही, ते कुजत नाही, दाब सोसण्यात त्याच्या तोडीची लाकडे या देशात मोजकीच. मग नवशिक्याने तेच का घेऊ नये? कारण त्याची पाठ तयार करणे हीच एक स्वतंत्र विद्या आहे. साल आणि तिच्याखालचे पांढरे लाकूड काढून टाकायचे आणि मग एकच वार्षिक वलय धरून, टोकापासून टोकापर्यंत, त्याच वलयाच्या पृष्ठभागावर राहत खाली यायचे. गाठ आली की तिच्या भोवती उंचवटा ठेवायचा. एका ठिकाणी पाते जास्त बसून वलय कापले गेले की तिथूनच पुढे फट निघणार. ज्याला अजून पाते धरायची सवय नाही त्याच्यासाठी हा पहिला धडा फार कडक आहे.

१९३० च्या दशकात या प्रश्नात भौतिकशास्त्रज्ञ उतरले, आणि मला हे पर्व सर्वांत रंजक वाटते. क्लॅरेन्स हिकमन हे बेल लॅबमधले संशोधक. तरुणपणी त्यांनी रॉबर्ट गॉडार्ड यांच्याबरोबर अग्निबाणांवर काम केले होते. पॉल क्लॉपस्टेग शिकागोचे, वैज्ञानिक उपकरणांच्या धंद्यातले. फॉरेस्ट नॅगलर अभियंते. यांनी धनुष्याकडे तुळई म्हणून पाहिले. इंग्रजी धनुष्याचा काप पोटाच्या बाजूने गोलाकार असतो. वाकवल्यावर सर्वांत जास्त दाब पोटाच्या कण्यावर येतो आणि तिथे लाकूड सर्वांत कमी असते. उलट काप आयताकृती, रुंद आणि चपटा ठेवला तर पोटाची सगळी रुंदी ओझे वाटून घेते. या अभ्यासांतून अमेरिकन चपटे धनुष्य पुढे आले आणि १९४७ साली त्यांचे लेख 'आर्चरी : द टेक्निकल साइड' या ग्रंथात एकत्र झाले. या देशातल्या मूळ रहिवाशांना चपटा काप आधीपासून ठाऊक होता, हेही सांगितले पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरी इथे १६६० साली एका मूळ रहिवाशाकडून घेतलेले हिकरीचे धनुष्य हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात आहे. त्याचे बाहू रुंद आणि चपटे आहेत. शास्त्रज्ञांनी जे गणिताने सिद्ध केले ते पूर्वेकडच्या जंगलात कोणीतरी जवळजवळ तीनशे वर्षे आधी हाताने करून ठेवले होते.

यापुढची चाळीस वर्षे लाकडी धनुष्याच्या दृष्टीने कोरडी गेली. मिशिगनमधल्या ग्रेलिंगला फ्रेड बेअर यांच्या कारखान्यातून फायबरग्लास लावलेली धनुष्ये निघू लागली. मिसूरीच्या हॉलेस विल्बर अॅलन यांनी कप्प्यांच्या धनुष्याचा शोध लावला आणि १९६९ साली त्यांना पेटंट मिळाले. शिकारीला निघालेल्याने लाकूड तासत बसण्याचे कारण उरले नाही.

नंतर १९८० च्या दशकात पुन्हा हालचाल सुरू झाली. पॉल कॉमस्टॉक यांनी 'द बेंट स्टिक' या छोट्या पुस्तकात मांडले की एल्म, अॅश, हिकरी, ओक ही ज्यांना पांढरी लाकडे म्हणून बाजूला टाकले जाते ती उत्तम धनुष्ये देतात. फक्त बाहू थोडे रुंद आणि लांब ठेवा. त्यांच्या पाठीसाठी वलयाचा पाठलाग करावा लागत नाही. साल काढली की खालचा पृष्ठभाग हीच तयार पाठ. हे नवे नव्हते. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीतले सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे धनुष्य एल्मचेच आहे. १९९२ साली टेक्सासच्या जिम हॅम यांच्या पुढाकाराने 'द ट्रॅडिशनल बोयर्स बायबल' या ग्रंथमालेचा पहिला खंड आला. चौथा खंड २००८ साली निघाला. या मालेत कॅलिफोर्नियाच्या टिम बेकर यांनी निरनिराळ्या लाकडांची, निरनिराळ्या आकारांची धनुष्ये करून, मोजून सांगितले की लाकूड त्याच्या घनतेप्रमाणे पुरेशा रुंदीत वापरले तर वेगात फारसा फरक पडत नाही. दुकानातल्या रेड ओकच्या फळीला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः बेकर यांच्यामुळे. योगायोग असा की त्याच १९९२ साली पॅसिफिक यूच्या सालीतून मिळणाऱ्या टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाला अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली आणि ज्या झाडाला लाकूडतोडे कचरा समजत त्याला वेगळेच मोल आले.

एवढा इतिहास पाहिल्यावर फळी निवडण्याकडे येऊ. रेड ओक किंवा हिकरी, सहा फूट लांब. मिळाली तर हिकरीच घ्यावी, कारण ताण सोसण्यात ती फारच वरचढ आहे. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वनउत्पादन प्रयोगशाळेच्या आकड्यांनुसार बारा टक्के ओलाव्याला शॅगबार्क हिकरीची सापेक्ष घनता ०.७२ आणि नॉर्दर्न रेड ओकची ०.६३ असते. पण हिकरीची फळी प्रत्येक दुकानात मिळत नाही, रेड ओकची मिळते. दुकानात एक इंच बाय दोन इंच म्हणून विकली जाणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि दीड इंच रुंद असते. माझ्या मते पुढची, म्हणजे अडीच इंच रुंदीची फळी घेणे शहाणपणाचे.

निवडीत रेषा हेच सगळे काही. फळीच्या रुंद बाजूवरच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. काठाकडे धावून बाहेर पडणारी रेषा म्हणजे तिथे तंतू तुटलेले आहेत. मग फळी कुशीवर करून कडेच्या रेषाही तशाच तपासायच्या. यासाठी पन्नास फळ्या उलटून पाहाव्या लागल्या तरी पाहाव्यात. दुकानातली पोरे बघत राहतात, राहू द्यावीत. फळी दिसायला सुंदर असण्याशी आपले काही देणेघेणे नाही. लाटालाटांची नक्षी असलेली फळी टेबलासाठी ठेवावी.

आता धनुष्याच्या अंगातल्या दोन शक्ती समजून घेऊ. वाकवल्यावर निशाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. लाकूड ताणात दाबाच्या जवळजवळ दुप्पट सोसते. म्हणून पोट आधी हरते, पण हळूहळू हरते: धनुष्य दोरी काढल्यावरही थोडे वाकलेलेच राहते, किंवा पोटावर बारीक आडव्या चुण्या पडतात. पाठ हरते ती मात्र एका क्षणात, मोठ्या आवाजाने, आणि बहुधा तुटलेल्या रेषेपाशी किंवा तासताना राहिलेल्या धारदार कोपऱ्यापाशी. पाठीचे कोपरे पहिल्यांदा वाकवण्याआधीच गोल करून घ्यायचे, ते यासाठी.

आकाराबद्दल मतभेद बरेच आहेत, पण नवशिक्यापुरता निकाल सोपा आहे. बाहू मुठीजवळ सर्वांत रुंद, सुमारे दोन इंच, आणि तिथून सरळ रेषेत टोकाला अर्ध्या इंचापर्यंत निमुळते. याला अमेरिकेत पिरॅमिड आकार म्हणतात. दोरी ओढल्यावर बाहूवरचा वाकवणारा जोर मुठीजवळ जास्त आणि टोकाकडे कमी होत जातो. रुंदीही त्याच प्रमाणात कमी होत गेली तर जाडी जवळजवळ एकसारखी ठेवूनही बाहू वर्तुळाच्या कमानीसारखा वाकतो. जाडी सारखी ठेवणे हे जाडी नेमक्या प्रमाणात उतरवण्यापेक्षा कितीतरी सोपे, कारण पाऊण इंचाची फळी मुळात सारख्या जाडीचीच येते. चार इंचांची मूठ, तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन इंचांचा उतार, आणि मुठीवर सुताराच्या साध्या सरसाने चिकटवलेला लाकडाचा ठोकळा. २८ इंच ओढीसाठी दोरीच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत ६८ ते ७० इंच लांबी. मूळ रहिवाशांची अनेक धनुष्ये याहून पुष्कळ आखूड आहेत, पण त्यांच्या पाठीवर कंडरा असे, त्यांची ओढही कमी असे, आणि ती करणारे हात लहानपणापासून तेच करत आलेले.

हत्यारे थोडकी लागतात. करवत, लाकडाची कानस, रंधा, पोलादाची चौकोनी खरवडपट्टी, पॉलिशपेपर. घोड्याच्या टापा घासण्याची मोठी कानस इथल्या धनुष्यकारांची लाडकी आहे, ती शेतीसामानाच्या दुकानात मिळते. विजेची यंत्रे नवशिक्याने आराखडा कापून झाल्यावर बंद ठेवावीत.

बंद का, ते एका गणितात आहे. लाकडाची ताठरता रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. रुंदी दहा टक्के कमी केली तर ताठरता दहा टक्के कमी होते. जाडी दहा टक्के कमी केली तर सत्तावीस टक्के. अर्धा इंच जाडीच्या बाहूवर दहा टक्के म्हणजे इंचाचा विसावा भाग, कानसेचे थोडेसे फेरे. पट्ट्याचे घासयंत्र एवढे लाकूड डोळ्याची पापणी लवेपर्यंत उतरवते. टिलरिंगमध्ये बहुतेक धनुष्ये बिघडतात ती याच घनामुळे.

पहिली पायरी जमिनीवर. एक टोक जमिनीवर टेकवायचे, मूठ एका हाताने धरायची आणि बाहूवर हळू भार द्यायचा. बाहू कुठे वाकतो, कुठे काठीसारखा उभा राहतो, हे लगेच दिसते. दोन्ही बाहू सारख्या जोराने वाकू लागेपर्यंत कानस. मग खाचा करून धनुष्याहून किंचित लांब अशी दोरी लावायची आणि ते टिलरिंगच्या खांबावर चढवायचे. खांब म्हणजे काय, तर वर मूठ बसेल असे खोगीर आणि खाली कप्पी. कप्पीतून दोर ओढत चार-सहा पावलांवर उभे राहून बाक पाहायचा, मधे वजनकाटा. जुन्या पुस्तकांत खांबाला खाचा पाडून दोरी त्यात अडकवून ठेवायचे चित्र असते. ते मला पटत नाही. धनुष्य ओढून तसेच ठेवले की पोटाचे तंतू दमतात आणि कायमचा बाक धरतात. ओढायचे, पाहायचे, सोडायचे. पाहणे पुरले नाही तर फोनवर छायाचित्र काढून उजवा बाहू डाव्यावर उलटा ठेवून पाहावा. डोळा ज्या चुका माफ करतो त्या चित्र करत नाही. आणि उभे राहताना धनुष्याच्या रेषेत कधीही राहू नये. मोडले तर तुकडे त्याच रेषेत येतात.

दोन नियमांवर माझ्या वाचनातल्या सर्व जाणकारांचे एकमत आहे. पहिला, ठरवलेल्या पौंडांपेक्षा जास्त जोर धनुष्याला कधीच द्यायचा नाही. ३५ पौंडांचे धनुष्य हवे असेल तर काटा ३५ दाखवेल तिथे थांबायचे, मग ती ओढ आठ इंचांची असो की अठरा. थांबायचे, लाकूड उतरवायचे, पुन्हा ओढायचे. दुसरा, प्रत्येक वेळी लाकूड उतरवल्यावर वीस-तीस वेळा थोडे थोडे ओढून मगच निकाल बघायचा. तासल्याचा परिणाम लाकूड लगेच सांगत नाही. हा नियम न पाळणारा एकच ताठ जागा दोनदा, तीनदा घासतो आणि मग ती जागा एकदम ढिली पडते.

ही ढिली जागा हे नवशिक्याचे मुख्य दुखणे. बाहू एका जागी बिजागरीसारखा मुडपतो आणि बाकीचा सरळ राहतो. सगळा दाब त्या दोन इंचांवर एकवटतो आणि तिथेच चुण्या पडतात. उपाय एकच आणि मनाला न रुचणारा: त्या जागेला हात लावायचा नाही, तिच्याभोवती पेन्सिलीने मोठी फुली करायची आणि उरलेला सगळा बाहू, आणि मग दुसराही बाहू, तिच्याइतका मऊ होईपर्यंत उतरवायचा. धनुष्याची ओढ दहा पौंडांनी कमी होते. होऊ द्यावी. ५० पौंडांचा हट्ट धरून मोडलेल्या धनुष्यापेक्षा ३० पौंडांचे सारखे वाकणारे धनुष्य शंभर पटींनी चांगले, आणि त्यावर दिवसभर बाण सोडता येतात. उलट जिथे लाकूड ताठ दिसते तिथे पेन्सिलीने घासून रंगवायचे आणि फक्त तेवढाच रंग काढायचा. ओळखायला एक साधी युक्ती आहे. सहा इंचांची एक लाकडी पट्टी, तिच्या मधोमध भोक आणि त्यात पेन्सिल. ओढलेल्या बाहूच्या पोटावरून ती सरकवली की वाकलेल्या जागी पेन्सिल टेकत नाही आणि ताठ जागी रेघ उमटते.

लांब दोरीवर दहा-बारा इंच सारखा बाक आला की आखूड दोरी लावून धनुष्य चढवायचे, आधी दोरी मुठीपासून तीन इंचांवर, नंतर सहा. दोरी मुठीच्या मधून जाते का, एखादा बाहू पिळला आहे का, हे या टप्प्यावर कळते. इथून पुढे कानस ठेवून द्यायची. फक्त खरवडपट्टी, आणि एका वेळी इंचभर ओढ वाढवत २८ पर्यंत. बाण दोन बोटांच्या मधे धरून सोडणाऱ्यासाठी खालचा बाहू वरच्यापेक्षा अगदी किंचित ताठ ठेवतात, कारण हात मुठीच्या मध्याच्या खाली जोर देतो.

अलीकडच्या धनुष्यकारांनी यात एक मोलाची भर घातली आहे. एका ठराविक ओढीला काटा किती दाखवतो ते लिहून ठेवायचे आणि पुढे ओढल्यावर परत येऊन तोच आकडा तपासायचा. लाकूड उतरवले नसताना आकडा खाली आला, तर पोटातले तंतू चिरडले जात आहेत. म्हणजे बाक दिसायच्या आधीच नुकसान कळते. मला वाटते, हिकमन यांच्यानंतरची ही सर्वांत उपयोगी कल्पना आहे. ती अमलात आणायला वजनकाटा आणि वही एवढेच पुरते.

पाठीवर काही चिकटवावे का? तागाचे कापड, रेशीम, कच्चे चामडे, सगळे वापरतात. रेषा सरळ असेल तर गरज नाही. वाकड्या रेषेची फळी मात्र त्याने वाचत नाही, फक्त तिचे फुटणे लांबते. बांबूची पट्टी ही गोष्ट वेगळी. बांबूच्या बाहेरच्या सालीचा थर ताणात इतका चिवट आहे की इथले अनुभवी लोक तो हिकरी, इपे या लाकडांच्या पाठीवर आवडीने लावतात. सातपुड्यातल्या भिल्लांना हे सांगायला नको. त्यांच्या तिरकमठ्यात दांडाही बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच कामटीची असते.

हवामानाबद्दल थोडे, कारण अमेरिकेत ते मोडतोडीचे मोठे कारण आहे. घरात सत्तर अंश फॅरनहाइट आणि पन्नास टक्के आर्द्रता असेल तर लाकूड सुमारे नऊ टक्के ओलाव्यावर स्थिरावते, आणि धनुष्याला तेच मानवते. मिनेसोटाच्या हिवाळ्यात हीटरने हवा वीस टक्क्यांवर आली की लाकूड साडेचार टक्क्यांपर्यंत सुकते आणि तडकते. फ्लोरिडाच्या दमट उन्हाळ्यात ऐंशी टक्क्यांना ते सोळापर्यंत जाते आणि वाकवले की तसेच राहते. हिकरी ओलावा लवकर पिते, म्हणून ॲरिझोनात ती राणी आणि ह्यूस्टनमध्ये आळशी. गॅरेजमध्ये ठेवलेली फळी आठवडाभर घरात आणून मगच कामाला घ्यावी, आणि झालेले धनुष्य दोरी उतरवून आडवे ठेवावे.

ही कला संग्रहालयापुरती उरलेली नाही, हे ओक्लाहोमात दिसते. चेरोकी नेशन आपल्या श्रेष्ठ कारागिरांना राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवते आणि त्यांत धनुष्यकारही आहेत. तहलेक्वा इथल्या त्यांच्या वार्षिक उत्सवात मक्याच्या ताटांच्या थप्पीवर लांबून बाण मारायची स्पर्धा असते. बाणाने किती ताटे भेदली यावर गुण मिळतात. लाकडाची चांगली धनुष्ये कशी वागतात हे पाहायला याहून चांगली जागा माझ्या माहितीत नाही. आपल्या घरांतली मुले तर धनुष्य शाळेतच हातात धरतात. २००२ साली केंटकीत सुरू झालेला शालेय धनुर्विद्येचा उपक्रम आता अनेक राज्यांत आहे. तिथली धनुष्ये कप्प्यांची असतात, तरी नेम शिकलेल्या मुलाला लाकडाकडे वळवणे सोपे जाते.

सुरू करणाऱ्यांना काही सांगायचे आहे. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावूनच तासा. यूची धूळ विषारी असते आणि ओकची धूळही फुप्फुसांना बरी नव्हे. दोरी डॅक्रॉनची घ्या, ती धक्का पचवते. बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू नका. परसात बाण सोडण्याआधी गावाचा नियम वाचा, तो प्रत्येक शहरात वेगळा आहे. पहिल्या धनुष्याकडून ३५ पौंडांपेक्षा जास्त मागू नका. आणि दुकानात गेलात की फळी एक आणू नका, सरळ रेषेच्या दोन आणा. पहिली मोडली तर त्याच संध्याकाळी दुसरी हातात घ्या.